काजळीवरच्या तीन रेघा

“बाई, तुमच्या हातून एक दिवस साहेब मरणार,” हुसेनमामा म्हणाले आणि त्यांनी धुराची चिमणी माझ्यासमोर आदळली. “मी नाही म्हणत. सगळं डिपार्टमेंट म्हणतंय.”

“मी काय केलं?”

“कागद मागितला.”

“मग कागद मागायचा नाही? ड्रमवर काय लावू, माझा पदर?”

“बघा. हेच ते. असं बोलता, म्हणून साहेबांचं बीपी चढतं.”

काचेच्या दारापलीकडे मिराशी सर खुर्चीत डोळे मिटून पडले होते. चेहरा चुन्यासारखा पांढरा, कपाळावर घाम, शर्ट पाठीला चिकटलेला. एक लेक्चरर वहीने वारा घालत होता. दारात जमलेली चारपाच माणसं मात्र सरांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

साल त्र्याहत्तर. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण तिथली एकदोन माणसं अजून आहेत आणि त्यांनाही माझ्यासारखंच सगळं आठवतं. मेडिकल कॉलेजातला औषधशास्त्र विभाग, डॉ. त्र्यंबक मिराशी विभागप्रमुख, हुसेनमामा तिथले सर्वांत जुने शिपाई, आणि मी प्रमिला खरात, अकरा वर्षं नोकरीत मुरलेली टेक्निशियन. टेक्निशियन म्हणजे काय, असं नातवंडं विचारतात. मी सांगते, काजळी धरणारी.

तेव्हा पडद्यावर आकडे दिसत नसत. भूल दिलेल्या कुत्र्याच्या मानेतल्या रक्तवाहिनीला नळी जोडायची, नळीचं दुसरं टोक पाऱ्याला, पाऱ्यावर तरंगणारी सुई, आणि सुईसमोर हळूहळू फिरणारा पितळी ड्रम. ड्रमवर चकचकीत कागद ताणून बसवायचा आणि चिमणीच्या धुरावर फिरवत काळा करायचा, कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. जनावराचा रक्तदाब वर गेला की सुई काजळीत पांढरी रेघ ओढत वर जायची. प्रयोग संपला की कागद राळेच्या वार्निशात बुडवून दोरीवर वाळत घालायचा. वार्निश लागेपर्यंत बोट लावायचं नाही. बोट लागलं की प्रयोग पुसला. त्या मुक्या जनावरांची आठवण आज नको वाटते, पण तेव्हा असंच शिकवत.

हे चकचकीत कागद मुंबईहून यायचे आणि कधीच पुरायचे नाहीत. म्हणून सरांनी ते स्वतःच्या टेबलाच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात कुलपात ठेवले होते. किल्ली जानव्याला. दर सोमवारी मी त्यांच्यासमोर उभी राहायची आणि दर सोमवारी तेच संभाषण व्हायचं.

“किती?”

“सहा.”

“मुलांचे गट चार आहेत.”

“एक फाटतो सर, आणि एक मुलं पुसतात.”

“फाटतो नाही, तुम्ही फाडता. पुसतात नाही, तुम्ही लक्ष देत नाही.”

“मग तुम्हीच काजळी धरा ना एकदा. बघा किती सोपं आहे ते.”

मग सर ओरडायचे. तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायचं म्हणे. ओरडत ओरडतच खाली वाकायचे, टेबलाच्या कडेवर पोट दाबून हात खालच्या कप्प्यात घालायचे, मोजून चार कागद काढायचे, आणि वर येता येता त्यांचा चेहरा उतरायचा. डोकं दोन्ही हातांत धरायचे. छाती इतकी धडधडायची की शर्टाचं बटण हलताना दिसायचं. दहा मिनिटांत सगळं संपायचं. ते पुन्हा उठून कामाला लागायचे आणि मी विभागात खुनी ठरायची.

गणपतीच्या आदल्या दिवशी तर मिराशीवहिनी स्वतः आल्या. सरांचा डबा घेऊन यायच्या त्या, पण त्या दिवशी डबा ठेवून माझ्या बाकापाशी थांबल्या. बारीक, गोऱ्या, सतत कानोसा घेतल्यासारख्या.

“खरातबाई, रागावू नका. एक विनंती होती.”

“बोला ना वहिनी.”

“यांच्याशी जरा सांभाळून घ्याल का? आम्ही घरी तर आवाजच करत नाही हो. रेडिओ बंद केला. मीठ बंद केलं. कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी तो उतरवते.”

“मग शिजतं का?”

“अर्धं कच्चंच राहतं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनाच हसू आलं. मग डोळे भरले. “यांचे वडीलही असेच गेले. भांडता भांडता. मला रात्री यांचा श्वास मोजत बसावं लागतं.”

मी कबूल केलं. घरी येऊन नवऱ्यालाही सांगितलं की सोमवारपासून मी मुकी. तो म्हणाला, “सोमवारी कशाला, आजपासून हो.”

सोमवारी गेले. आवाजात साखर घालून म्हटलं, “सर, सवड असेल तेव्हा चार कागद द्याल का?”

सर माझ्याकडे बघतच राहिले. “चार? सहा नाहीत?”

“चार पुरतील सर. जपून वापरीन.”

“बरं वाटत नाहीये का तुम्हाला?” म्हणाले आणि चक्क हसले. मग मुलांच्या तोंडी परीक्षेतली एक गंमत सांगू लागले. कुणीतरी डिजिटॅलिस या हृदयाच्या औषधाचा शोध एका शेळीने लावला असं म्हटलं होतं. हसत हसतच ते खाली वाकले. कप्पा उघडला. वर आले तेव्हा गोष्ट अर्धी राहिली होती आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

हुसेनमामा पाणी घेऊन धावत आले. “आता काय बोललात?”

“काहीही नाही! गोड बोलले!”

“मग गोडसुद्धा बोलू नका.”

मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि इतकी वैतागले की डोळ्यांत पाणी आलं. दोन दिवसांनी, मुलांनी पारा सांडला म्हणून, सर भर प्रयोगशाळेत माझ्यावर वीस मिनिटं ओरडले. मीही सोडलं नाही. मुकेपणाचा नवस मोडला. टेबलावरच्या काचा थरथरल्या. आणि त्यांना काहीही झालं नाही. गाजरासारखे लाल झाले, ओरडून दमले, आणि चहा मागवून प्यायले.

त्या संध्याकाळी मी एक फाटका कागद घेतला, त्याला काजळी धरली आणि सुईने तीन आडव्या रेघा मारल्या. पहिली, सर वाकले. दुसरी, सर ओरडले. तिसरी, मी उलट बोलले. जेव्हा जेव्हा यातलं काही होईल तेव्हा त्या त्या रेघेवर एक खाच, खाली बारीक अक्षरात तारीख आणि वेळ. झटका आला की तिन्ही रेघा कापणारी एक उभी रेघ. माझ्यावर आरोप होता ना? मग मोजूनच बघू. रोज नोंद करायची होती म्हणून वार्निश लावता येत नव्हतं. कागद मी पसरट डब्यात, झाकण लावून, माझ्या खणात ठेवायची.

पितृपंधरवड्यात सरांनी औषध सुरू केलं. मेडिसिनचे डॉ. सबनीस त्यांचे मित्र. त्यांनी झटके नसताना दाब मोजला, थोडा जास्त निघाला, आणि निदान करून टाकलं: रागाचं बीपी. दाब उतरवणारी बीटाची नवी गोळी तेव्हा मोठी कौतुकाची होती. सरांच्या कोटाच्या खिशातून पाकीट डोकावायचं. सबनीसांनी आणखी एक उपाय सुचवला असावा, कारण दसऱ्याच्या आधी डीनच्या ऑफिसातून मला पत्र आलं. विभागप्रमुखांच्या प्रकृतीचा विचार करता श्रीमती खरात यांची एक तारखेपासून शरीररचना विभागाच्या संग्रहालयात बदली करण्यात येत आहे.

म्हणजे अवयव ठेवलेल्या बरण्यांमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये. एका माणसाचं बीपी उतरावं म्हणून मला बरण्यांपाशी पाठवणार होते.

“हे लेखी आहे, मामा! माझ्या कायमच्या कागदपत्रांत लागणार. नवरा वाचेल, मुलं वाचतील, की आई माणसं आजारी पाडते.”

हुसेनमामा म्हणाले, “गोळी घेतात तरी झटके वाढलेत, हे खरं आहे बाई. परवा जिन्यात बुटाची लेस बांधताना बसलेच. तुम्ही तर तेव्हा बाजारात होता.”

“केव्हा? किती वाजता?”

“अकराच्या सुमारास. का?”

मी डबा काढला आणि खाच मारली.

मग तो गुरुवार आला. वर्षातला सगळ्यांत मोठा प्रयोग. सत्तर मुलं टेबलाभोवती दाटीवाटीने उभी, पुढे मुली, मागे स्टुलांवर चढलेले मुलगे. ड्रमवर माझी काजळी, त्या दिवशी अगदी मखमल. सर रंगात आले होते. ते शिकवायचे उत्तम, हे मला माझ्या शत्रूसमोरही कबूल करावं लागेल.

“ॲड्रिनॅलिन एकच आहे,” ते म्हणाले. “पण शरीरात ते ज्या जागांवर जाऊन बसतं त्या दोन तऱ्हेच्या. अल्फा आणि बीटा. म्हणजे कसं? आपली लग्न झालेली लेक. लेक तीच. पण सासरी गेली की पदर आवळून, अंग चोरून. ही अल्फाची जागा. रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो. तीच माहेरी आली की पदर सैल, आणि दिवसभर हुंदडणं. ही बीटाची जागा. काही रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदय मात्र उड्या मारतं.”

मुलींनी नाकं मुरडली. मलाही अकरा वर्षं त्या उदाहरणाचा राग यायचा. माझ्या बाबतीत सगळं उलटं होतं. माहेरी मी पहाटे पाणी भरायची आणि सासरी माझी नणंद मला चहा करून द्यायची. पण उदाहरण डोक्यात बसायचं, एवढं खरं.

सरांनी ॲड्रिनॅलिन दिलं. सुई सरसर वर गेली, मग खाली आली, नेहमीच्या पातळीच्याही थोडी खाली गेली आणि स्थिरावली. “हे दोन्ही घरचं मिळून,” सर म्हणाले. “आता माहेरचं दार बंद करू.” मी भरून ठेवलेली दुसरी सिरिंज त्यांच्या हातात दिली. बीटाची जागा अडवणारं औषध. मी बाटलीवरचं नाव वाचून भरलं होतं आणि तेच नाव त्यांच्या खिशातून माझ्याकडे बघत होतं.

“आता पुन्हा तेवढंच ॲड्रिनॅलिन. माहेरचं दार बंद. लेक जाईल कुठे?”

“सासरी, सर!” सगळी मुलं ओरडली.

“सगळीच्या सगळी सासरी. मग दाब?”

“चढणार!”

सुई चढली. मघापेक्षा वर, आणखी वर, कागदाच्या कडेला टेकेल इतकी वर, आणि तिथेच रेंगाळत राहिली. खाली यायचं नाव नाही. मी ती रेघ दहाबारा वेळा पाहिली होती. वार्निश लावून दोरीवर वाळत घातली होती. त्या दिवशी मात्र माझी नजर तिच्यावरून सरांच्या खिशातल्या पाकिटावर गेली.

तेवढ्यात नळी बघायला म्हणून सर टेबलावर वाकले. टेबलाच्या कडेवर पोट दाबून, डाव्या अंगावर. आणि वर आले ते पांढरे होऊन. स्टूल गाठण्याआधीच त्यांनी डोकं धरलं. या खेपेला दहा मिनिटांत संपलं नाही. अर्धा तास झाला. वांती झाली. बोलताना जीभ जड झाली. मुलांना बाहेर काढलं, आणि बाहेर जाता जाता एक मुलगी दुसरीला म्हणाली, ते मी ऐकलं, “आज बाई काही बोलल्या का ग?”

संध्याकाळी पाच वाजता मी डबा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. सर दिवा न लावता बसले होते. सबनीस येऊन गोळीचं प्रमाण दुप्पट करून गेले होते. पाकीट टेबलावरच होतं.

“सर, ही गोळी घेऊ नका.”

त्यांनी डोळे उघडले. “काय?”

“ही गोळी बंद करा. आजच.”

“खरातबाई, तुमची एक तारखेपासून बदली आहे.”

“माहीत आहे. म्हणून तर आज सांगते आहे. नंतर बरण्यांना सांगून काय उपयोग?”

“तुम्ही मला औषधशास्त्र शिकवणार?”

“मी कशाला शिकवू? तुम्हीच शिकवलंत, अकरा वर्षं, तेच ते सासर-माहेर! तुम्ही माहेरचं दार बंद केलंय सर. तुमच्या अंगात कुठूनतरी ॲड्रिनॅलिन सुटतं आहे आणि ते सगळंच्या सगळं सासरी जातं आहे. सकाळी ड्रमवर दिसलं ते सत्तर मुलांना कळलं, मला कळलं, तुम्हाला कळत नाही!”

“ओरडू नका.”

“ओरडते! ओरडून तुम्हाला काही होत नाही, मी मोजलंय!”

डब्याचं झाकण काढून मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. दिवा लावला. सरांनी सवयीप्रमाणे चष्मा कपाळावर ढकलला आणि वाकणार, इतक्यात मी कागदच उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

“वाकू नका.”

ते अगदी परीक्षकाच्या आवाजात म्हणाले, “वरची रेघ?”

“तुम्ही वाकलात. बूट, खडू, खालचा कप्पा.”

“मधली?”

“तुम्ही ओरडलात.”

“आणि ही?”

“मी उलट बोलले.”

“एवढ्या वेळा?”

“महिन्यात सत्तावीस.”

“मला वाटलं होतं जास्त असेल,” सर म्हणाले. “उभ्या रेघा म्हणजे झटके. चौदा. यातले नऊ...”

“गोळी सुरू झाल्यावरचे. आणि चौदातल्या तेरा वेळा तुम्ही आधी वाकला होतात. माझ्या उलट बोलण्यावर फक्त तीन झटके आले, आणि त्या तिन्ही वेळा तुम्ही कागद काढायला कप्प्यात हात घातला होतात.”

“रागाने दाब चढतो हे लहान पोरालाही माहीत आहे.”

“रागाने माणूस लाल होतो, सर. तुम्ही पांढरे होता. दरवर्षी अठराव्या लेक्चरला तुम्ही सांगता, मूत्रपिंडावर टोपीसारखी ग्रंथी असते, तिच्यात क्वचित गाठ होते, दाबली गेली की ॲड्रिनॅलिनची पिचकारी उडते. माणूस पांढरा पडतो, घामाने भिजतो, डोकं फुटायला येतं. दरवर्षी सांगता, की ही गाठ ओळखायची राहते कारण सगळे म्हणतात माणूस तापट आहे. मी ड्रम पुसत मागे बसलेली असते. मला पाठ आहे ते.”

सरांनी कागद माझ्या हातून घेतला. त्यांचा अंगठा काजळीच्या अगदी वर होता. एकदा फिरवला असता तर माझा महिना गेला असता, आणि मी पुन्हा तीच, माणसं आजारी पाडणारी बाई. माझं लक्ष त्या अंगठ्यावर होतं. बाहेर हुसेनमामा खिडक्या लावत होते, एकेक, धाडधाड.

“वार्निश का नाही लावलं?” सरांनी विचारलं.

“नोंदी चालू होत्या अजून.”

“जा तुम्ही,” ते म्हणाले.

एवढंच. ना हो, ना नाही. मी जिन्याने उतरताना स्वतःशीच इतकी बडबडत होते की खाली उभा असलेला रिक्षावाला म्हणाला, “ताई, सगळं ठीक ना?”

एक तारखेला मी बरण्यांमध्ये गेले. बदली कुणी रद्द केली नाही. कुणाची तरी आतडी, कुणाचं तरी यकृत, फॉर्मॅलिन उडून गेलं की पुन्हा भरायचं. औषधशास्त्रातून कळलं की सर लांब रजेवर गेले आहेत. लोक म्हणाले, बघा, बाई गेल्या पण उशीर झाला. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगून काय करणार होते? मला तरी कुठे माहीत होतं की सर गोळी घेत आहेत की खिडकीतून फेकून दिली? वीसबावीस दिवस मी रोज सकाळी कॉलेजच्या फळ्यावर शोकसभेची सूचना आहे का ते बघायची आणि मग कामाला लागायची.

दिवाळीनंतर हुसेनमामा संग्रहालयाच्या दारात उभे राहिले. आत यायला ते घाबरत असत. बरण्यांतली माणसं बघतात म्हणायचे.

“निघाली,” ते दारातूनच म्हणाले.

“कोण?”

“गाठ. डाव्या बाजूची. पुण्याला ऑपरेशन झालं. लिंबाएवढी. आधी म्हणे सासरचं दार बंद करायचं औषध दिलं पंधरा दिवस, मगच कापलं. नाहीतर टेबलावरच गेले असते. बाई, हे सासर काय प्रकार आहे? साहेबांनी मला पत्रात लिहिलंय आणि वर लिहिलंय, खरातबाईंना विचार.”

“मला का नाही लिहिलं?”

“ते मी कसं विचारू?”

त्यानंतरच्या आठवड्यात मिराशीवहिनी आल्या. त्या बरण्यांना घाबरल्या नाहीत. सरळ आत आल्या आणि माझ्या टेबलावर डबा ठेवला. उघडला तर मसालेभात.

“मीठ घातलंय,” वहिनी म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, “काल तीन शिट्ट्या होऊ दिल्या.”

आम्ही दोघींनी उभ्यानेच, त्या सगळ्या बरण्यांच्या देखत, डबा संपवला.

संक्रांतीनंतर मला पत्र आलं. विभागाच्या सोयीसाठी श्रीमती खरात यांना पूर्ववत औषधशास्त्र विभागात घेण्यात येत आहे. आधीचं पत्र चूक होतं असं कुठेही नाही. विभागाची सोय! मी ते पत्र चार वेळा वाचलं, चारही वेळा चिडले, आणि सोमवारी सकाळी आठला हजर झाले.

सर बारीक झाले होते. कोट खांद्यावरून लोंबत होता. मला वाटलं, आता मवाळ झाले असतील, निदान एक शब्द तरी बोलतील. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

“किती?”

“सहा.”

“मुलांचे गट चार आहेत.”

“सर, तीन महिन्यांनी आले आहे मी, आणि तुम्ही अजून...”

“तीन महिन्यांत तुमच्या जागेवर आलेल्या पोराने एकही कागद फाडला नाही!”

“त्याने काजळी कशी धरली ते बघितलंत का? डांबर ओतल्यासारखी!”

मग सर ओरडले. तिसऱ्या मजल्यापर्यंत ओरडले. ओरडत ओरडतच खाली वाकले, कप्प्यात हात घातला, चार कागद मोजले. बाहेर सगळं डिपार्टमेंट श्वास धरून उभं होतं. हुसेनमामा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आले.

सर वर आले. कानाच्या पाळीपासून टकलापर्यंत लालभडक.

“राहू द्या मामा,” मी म्हटलं. “लाल आहेत.”

“काय लाल? कोण लाल?” सर गरजले.

मी चार कागद घेतले आणि बाहेर आले. त्या दिवशी काजळी धरताना चिमणीचा धूर डोळ्यांत गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं.

त्या संध्याकाळबद्दल सर माझ्याशी कधी बोलले नाहीत. मी निवृत्त होईपर्यंत नाही, त्यानंतरही नाही. अठराव्या लेक्चरला ती गाठ आली की मात्र ते एक वाक्य जास्त सांगायचे, “आजाऱ्याचं निरीक्षण जो रोज करतो त्याला विचारा, मग तो कोणीही असो,” आणि मागे ड्रमकडे न बघता पुढच्या मुद्द्यावर जायचे.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी घरी आली. सरांना जाऊन बराच काळ लोटला, मागोमाग वहिनीही गेल्या. घर विकायचं म्हणून आवराआवर करताना सरांच्या घरच्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात हे सापडलं, म्हणाली. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला माझा कागद. वार्निश लावलेलं. ते नीट लागलं नव्हतं, कडेला थेंब गोठले होते. म्हणजे हुसेनमामांनी लावलं नव्हतं. त्या माणसाने जन्मात पहिल्यांदा आपल्या हाताने वार्निश लावलं होतं.

आणि वार्निशाच्या आधी, काजळीतच, उजव्या कोपऱ्यात, सुईने त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं:

‘निरीक्षण उत्तम. वेळेची नोंद नाही. दहापैकी सात.’

मुलगी गेल्यावर भिंग आणून बघितलं. प्रत्येक खाचेखाली तारीख आहे. प्रत्येक तारखेखाली वेळ आहे, मिनिटांसकट, बारीक पण स्वच्छ. सगळ्या शाबूत. एकतीस वर्षं जगले सर त्यानंतर. एकदा तरी चष्मा डोळ्यांवर घेऊन बघायचं.